मोटारींचा भूकंप

सरांनी तिसऱ्यांदा तळहात जमिनीवर टेकवला. पहिल्या वेळी कॅमेरावाल्याचा उजेड चुकला होता, दुसऱ्या वेळी मागून शेळी आली होती. तिसऱ्या वेळी मात्र सगळं जमलं. सोनखळीच्या गायरानातल्या काळ्या मातीवर हात ठेवून, डोळे मिटून, मान किंचित तिरपी करून सर म्हणाले, "ही बोलतेय. आपल्याला ऐकू येत नाही, एवढंच."

"आणि तुम्हाला येतं?" टीव्हीवाल्या मुलीनं विचारलं.

"मला नाही. माझ्या यंत्रांना येतं," सर नम्रपणे म्हणाले.

नम्रपणा ते कॅमेऱ्यासाठी राखून ठेवत. मी दोन पावलं मागे त्यांचे बूट धरून उभी होते. धरणीमातेला बूट घालून कसं शिवायचं, म्हणून त्यांनी ते ऐन वेळी काढून माझ्या हातात दिले होते. एम.टेक.चं सुवर्णपदक मिळवून, पीएच.डी.चं पाचवं वर्ष चालू असताना मी डॉ. प्रभंजन उंबरकरांचे नऊ नंबरचे बूट सांभाळत होते, आणि शूटिंग बघायला जमलेलं गाव माझ्याकडे आदरानं बघत होतं.

गाव मराठवाड्यातलं. घरं माळवदाची, म्हणजे हातभर रुंद दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जड धाबं. दिवाळीपासून गावाला जमिनीतून गुडगुड ऐकू यायला लागली होती. मांडणीवरची भांडी वाजायची, कुत्री भुंकायची. भूकंपाचं त्र्याण्णव साल कुणी विसरलेलं नव्हतं. कॉलेजच्या संस्थाचालकांचा निवडणुकीसाठी या भागावर डोळा होता, त्यांनी सरांना पाठवलं, आणि सर तीन सेन्सर, एक जुनं नोंदणी यंत्र आणि मला घेऊन सोनखळीत आले. दोन सेन्सर गावाच्या दोन टोकांना पुरले, तिसरा शाळेमागे केरबा शिंगडे नावाच्या शेतकऱ्याच्या रानात, त्याच्या बोअरपासून पन्नास पावलांवर. दुसऱ्या दिवशी पाहते तर बायकांनी त्या सेन्सरच्या पेटीच्या वर उघड्या राहिलेल्या झाकणाला हळदकुंकू लावलेलं. मी ते ओल्या फडक्यानं पुसून काढलं. तिसऱ्या दिवशी परत लावलेलं होतं.

पंधरा दिवसांत सरांना शोध लागला. जमीन सेकंदाला अडीच वेळा थरथरत होती. अडीच हर्ट्झ! हा आकडा ते आरतीच्या सुरात म्हणायचे. शिवाय थरथर रोज वाढत होती. रोजची सरासरी काढून सरांनी ठिपके मांडले, ठिपक्यांतून पट्टीनं रेघ ओढली, रेघ पुढे वाढवली आणि जिथे ती कागदाच्या कडेला भिडली तिथे तारीख लिहिली : वीस फेब्रुवारी ते पाच मार्च. कागद मोठा असता तर भूकंप एप्रिलमध्ये झाला असता. पण गावानं घरं सोडली. गायरानात पत्र्याची खोपटी उभी राहिली. चुली तिकडे, शेळ्या तिकडे, बाळंतिणी तिकडे. जानेवारीची थंडी होती आणि पत्र्याखाली दीडशे कुटुंबं कुडकुडत एका रेघेची वाट बघत होती.

मला सरांची किळस यायची. आणि खरं सांगायचं तर गावाचीही. कुणीही दाढीवाला येऊन तारीख सांगतो आणि तुम्ही चूल उचलून चालू लागता?

शोध मला लागला तो माझ्या हुशारीनं नव्हे. तसं मी पुढे अनेक वर्षं सांगितलं, पण नव्हे.

शाळेच्या एका खोलीत आमचं यंत्र होतं. सर लातूरला मुलाखत द्यायला गेले होते. वेळ जात नव्हता म्हणून मी सरासरी न काढता तासातासाची थरथर मांडली. एकेका दिवसाची एकेक ओळ, सहा आठवडे एकाखाली एक. जिथे थरथर जास्त तिथे काळं. काळ्या पट्ट्यांची एक विचित्र नक्षी उमटली. तीन दिवस पट्टे मधोमध, पुढचे चार दिवस दोन्ही कडांना, परत तीन दिवस मधोमध.

लाइनमन चाँदपाशा दारात उभा होता. शाळेचं मीटर बघायला आला होता. कमरेला पकड, खांद्यावर दोरीचं वेटोळं, वय पन्नाशीचं. पडद्याकडे बघत म्हणाला, "मॅडम, आमचं टाइमटेबल कामून लावलंय हितं?"

"कसलं टाइमटेबल?"

"लोडशेडिंगचं. शेतीच्या लाइनीचं, फीडरचं. सोम, मंगळ, बुध दिवसा थ्री फेज. गुरुवारपासून रातची पाळी." तो पुढे आला आणि एका पांढऱ्या ओळीवर त्यानं बोट ठेवलं. "आन् ह्ये बगा, ह्या दिवशी डीपी जळाली होती आपली. दिवसभर मोटारी बंद. मला शिव्या किती खाव्या लागल्या!"

मी त्याला बसायलाही सांगितलं नाही. कागद ओढला आणि आकडे मांडले.

आमचं यंत्र सेकंदाला पन्नास वेळा जमिनीकडे बघायचं. बोअरमधली मोटार सेकंदाला साधारण साडेसत्तेचाळीस फेरे घेते. आता समजा, एक माणूस बरोबर एकोणसाठ मिनिटांनी एकदाच घड्याळाकडे बघतो. त्याला मिनिटकाटा दर वेळी एक घर मागे गेलेला दिसेल. तो शपथेवर सांगेल की काटा उलटा आणि अगदी हळू फिरतो. काटा बिचारा सरळच फिरत असतो, बघणाऱ्याचीच वेळ चुकलेली असते. पन्नासातून साडेसत्तेचाळीस वजा केले की उरतात अडीच. सरांची पृथ्वी म्हणजे सोनखळीच्या एकशेचाळीस मोटारी होत्या. गहू-हरभऱ्याला पाणी सुरू झालं, मग उसाला सुरू झालं, तशी थरथर 'वाढत' गेली.

हे होऊ नये म्हणून एक तर भरभर बघायचं, नाहीतर यंत्राच्या तोंडाशी गाळणी बसवून वेगवान कंपनं आतच येऊ द्यायची नाहीत. तिसऱ्या वर्षाचं पोरही हे परीक्षेत लिहितं. सरांनी डिस्क पुरावी म्हणून वेग निम्म्यावर आणला होता आणि गाळणी काढून टाकली होती. म्हणे, गाळणीनं पृथ्वीचा मूळ स्वर बिघडतो.

दीड महिना मीसुद्धा यंत्राचं झाकण उघडून पाहिलं नव्हतं. पण ते त्या दिवशी माझ्या मनात आलं नाही. त्या दिवशी मला फक्त हसू येत होतं.

सर संध्याकाळी परतले. मी सगळं दाखवलं. त्यांनी कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचला, घडी घातली आणि खिशात टाकला.

"कुणाला बोललीस?"

"लाइनमनला माहीत आहे. त्यानंच..."

"लाइनमन!" सर हसले. "शलाका, तुझा प्रबंध कशावर आहे?"

"याच्यावरच आहे, सर."

"मग? स्वतःच्या पानात स्वतःच माती कालवायची?"

"लोक थंडीत पत्र्याखाली राहतायत, सर. म्हातारी माणसं आहेत."

"थंडीनं कुणाच्या अंगावर घर पडत नाही. राहिले बाहेर महिनाभर, तर कुणाचं काय बिघडलं?" ते उठले. "बुधवारी ग्रामसभा आहे. तहसीलदार येणार आहेत. आलेख मोठ्या पडद्यावर दिसला पाहिजे. प्रोजेक्टरचं बघ."

पाच वर्षं मी या माणसाच्या लेकीच्या बारावीच्या शिकवण्या घेतल्या होत्या. त्याच्या नावावर छापले जाणारे निबंध लिहिले होते. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही, प्रोजेक्टरचं बघ म्हणाला.

मी प्रोजेक्टरचं पाहिलं. आणि चाँदपाशालाही भेटले.

"फीडर वीस मिनिटं बंद करता येईल? बुधवारी, साडेअकराला?"

"परमिट घ्यावं लागतं सबस्टेशनचं." त्यानं तारांकडे पाहिलं. "फांद्या तोडायच्या हायेतच तिकडं. घेतो. पण कशापायी, मॅडम?"

"गंमत बघायला या."

बुधवारी शाळेचं मैदान भरलं होतं. पुढे सतरंजीवर पुरुष, मागे बायका, खुर्च्यांवर तहसीलदार, सरपंच आणि टीव्हीवाली मुलगी. उन्हात पडदा दिसला नसता, म्हणून तो वर्गातच भिंतीवर लावून दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या. गावठाणाची लाइन वेगळी, त्यामुळे आमचा प्रोजेक्टर चालू राहणार होता. केरबाच्या रानातल्या सेन्सरची केबल थेट यंत्राला जोडलेली होती. पडद्यावर निळी रेघ करवतीसारखी थरथरत होती, आणि तिच्याकडे बघणारं गाव गप्प होतं.

सर बोलत होते. "ही जी तुम्ही पाहताय, ही माझी रेघ नाही. हा तुमच्या पायाखालच्या खडकाचा ज्वर आहे. ज्वर चढतोय..."

अकरा एकतीस. रेघ एकदम बसली. कुणी वही मिटावी तशी सपाट झाली.

सर पडद्याकडे पाठ करून बोलतच होते. लोकांच्या चेहऱ्यांवरून त्यांना काहीतरी कळलं असावं. ते वळले.

"केबल निघाली वाटतं," ते मला म्हणाले. "बघ जरा."

"केबल ठीक आहे, सर." मी उठून उभी राहिले. आवाज मोठा केला. "तुमच्यापैकी किती जणांच्या मोटारी आत्ता चालू होत्या?"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मागून कुणीतरी ओरडलं, "लाइट गेली की रानातली! चाँदपाशा, आरं सोड की लाइन!"

चाँदपाशा कुंपणापाशी उभा होता. तो माझ्याकडे बघून संकोचानं हसला.

"लाइन मी बंद करायला लावलीय," मी म्हणाले. "मोटारी बंद, भूकंप बंद. उंबरकर सरांनी दीड महिना तुमच्या बोअरच्या मोटारी मोजल्या. आणि त्या मोटारींना भिऊन तुम्ही घरं सोडून पत्र्याखाली बसलात!"

 आधी सरपंच हसले. त्यांच्यामागोमाग तहसीलदार, आणि मग सगळं मैदान. माणसं मांड्यांवर थापा मारत होती, एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालत होती. "केरबा, तुझी मोटार पाच एचपीची ना? लई मोठा भूकंप हाय तुझा!" टीव्हीवाल्या मुलीनं कॅमेरावाल्याला कोपरानं ढोसलं. सर पडद्यासमोर उभे होते आणि प्रोजेक्टरचा उजेड त्यांच्या कपाळावर पडला होता. सपाट निळी रेघ बरोबर भुवयांच्या वरून गेली होती.  मी नजर हलवली नाही. एवढं सुख मला सुवर्णपदकानंही दिलं नव्हतं.

हशा ओसरत आला तेव्हा बायकांमधून एक जण उठली. केरबाची बायको, गयाबाई. पन्नाशीची, काटकुळी. रोज दुपारी आमच्या खोलीवर ताक आणून द्यायची तीच. सेन्सरला हळदकुंकू लावणारीही बहुधा तीच.

"बाई, मोटारीचं कळलं," ती म्हणाली. "पर दिवाळीपून भांडी वाजत्यात, ते कशानं?"

"मावशी, माणूस भ्यालं की त्याला काहीही वाजल्यासारखं वाटतं."

"न्हाई, तसं न्हाई. लाइट नसती तवाबी वाजत्यात. मोटारी बंद असत्यात तवाच चांगलं आयकू येतंय. आधी गुडगुड, मग भांडी."

"मग कुठेतरी खाणीत सुरुंग लावत असतील."

"हितं कुठं हाय खाण?"

लोक परत हसायला लागले होते. आता गयाबाईला हसत होते की मला, ते नीट कळेना आणि ते मला सहन होईना. मी म्हणाले, "मावशी, यंत्रामागे पन्नास वर्षांचं शास्त्र असून ते फसलं. तुमच्या डेचक्यांचं काय घेऊन बसलात?"

आता हशा कुणावर होता ते स्पष्ट कळलं. गयाबाईनं इकडेतिकडे पाहिलं, पदर कपाळावर ओढला आणि खाली बसली. अकरा एक्कावन्नला चाँदपाशानं लाइन सोडली, करवत परत थरथरली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सर त्याच दुपारी निघून गेले. दोन दिवसांत गायरान रिकामं झालं. चुली घरात गेल्या, शेळ्या गोठ्यात गेल्या. आजूबाजूच्या गावांनी सोनखळीला 'मोटारींचा भूकंप' म्हणून चिडवायला सुरुवात केली. मी सेन्सर तिथेच ठेवून शहरात परतले. पेट्या नंतर उचलू म्हटलं. टीव्हीवर माझी दीड मिनिटाची मुलाखत झाली. आईनं शेजाऱ्यांना पेढे वाटले.

सभेनंतर अकराव्या दिवशी, सकाळी सव्वानऊला सोनखळीत भूकंप झाला. मोठा नव्हता. वेधशाळेनं तीन पूर्णांक चार सांगितला. गावात काही भिंतींना चिरा गेल्या. केरबाच्या घराच्या स्वयंपाकघराची भिंत आधीच फुगलेली होती, ती धाब्यासकट आत कोसळली. गयाबाई चुलीपुढे भाकरी थापत होती.

बातमी मला चाँदपाशानं फोनवर सांगितली. "मॅडम, तुमच्या पेट्या सुखरूप हायेत," असं त्यानं आधी सांगितलं, आणि मग ते.

त्या दुपारी मी पहिल्यांदा ती वीस मिनिटं उघडली. फीडर बंद असतानाची नोंद. मोटारी बंद असतानाचे तास रोजच्या नोंदीतही होते, पण ते रिकामे म्हणून आम्ही कधी उघडलेच नव्हते, आणि हीसुद्धा. अकरा दिवस ती माझ्या टेबलावर पडून होती. ज्या कामासाठी घेतली ते काम सभेत झालं होतं, म्हणून मी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. प्रोजेक्टरवर ती सपाट दिसली, कारण पडद्याचं माप करवतीच्या दातांना बेतलेलं होतं. मी माप शंभर पटीनं वाढवलं.

तीन टोकं दिसली. प्रत्येक टोक सेकंदभराचं. एकदम उसळलेलं आणि हळूहळू विरत गेलेलं.

गर्दीनं पाय आपटले असतील, म्हणून मी बाकीच्या दोन सेन्सरांच्या नोंदी काढल्या. ते गावाच्या दोन टोकांना होते. आपटलेला पाय तिथवर पोचत नाही. तिथेही तीनच टोकं होती, तशाच आकाराची, सेकंदाच्या एखाद्या अंशानं मागेपुढे. गोंगाट असा तीन ठिकाणी एकच आकार घेऊन, ठरल्या अंतरानं येत नाही. जमिनीखालून येणारी लाट येते.

मी वेळा पाहिल्या. पहिलं टोक अकरा चौतीसचं. तेव्हा मैदान हसत होतं.

वीस मिनिटांत तीन. म्हणजे दिवसाला दोनशेच्या वर. सोनखळीखालचा खडक खरोखरच फुटत होता, बारीक बारीक, दिवाळीपासून, आणि मोटारींच्या गोंगाटापुढे त्याची नोंद आम्हाला दिसली नव्हती. तारीख सांगता आली नसती. पण जड धाब्याखाली राहू नका, एवढं सांगता आलं असतं. ते सर सांगतच होते. चुकीच्या रेघेवरून, चुकीच्या कारणासाठी, कॅमेऱ्यासाठी, पण सांगत होते, आणि गाव बाहेर होतं.

तिसऱ्या दिवशी मी सोनखळीला गेले. लॅपटॉप पिशवीत होता. केरबाला सगळं दाखवायचं, असं ठरवून गेले होते.

तो गोठ्यात बसला होता. भिंत पडली होती तिथे दगड बाजूला रचले होते. त्यानं मला घोंगडी टाकली. सुनेला हाक मारून चहा ठेवायला लावला.

"केरबादादा," मी म्हणाले, "मला तुम्हाला काही सांगायचंय."

"सांगा की."

मी पिशवीची चेन अर्धी उघडली. तो त्या पिशवीकडे बघत होता. मग त्यानंच बोलायला सुरुवात केली.

"ती येत नव्हती घरी. सभेच्या दुसऱ्या दिवशी सगळं गायरान उठलं, तर ही म्हणती, म्या न्हाई येत, मला आजूक आयकू येतंय. दोन दिस एकलीच राहिली पत्र्याखाली. लोक हसायले. पोरं भांडी वाजवून दाखवायली तिला." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मग मीच गेलो आणायला. म्हनलं, येडी का काय? एवढी शिकलेली पोर सांगती, तिच्यापरीस तुला जास्ती कळतंय व्हय? चल म्हनलं. हाताला धरून आणली."

चहा आला. मी प्याले.

"तुमचा काय दोष त्याच्यात," केरबा म्हणाला. "तुम्ही मोटारीचं सांगितलं, ते खरंच होतं की. आमच्या डोळ्यादेखत बंद पडलं. तुम्ही काय सांगणार होत्या?"

"काही नाही," मी म्हणाले. "पेट्या न्यायला आले होते."

चेन मी परत ओढून घेतली. चाँदपाशानं पेट्या उकरून काढायला मदत केली. केरबाच्या रानातल्या पेटीवर हळदकुंकवाचं बोट होतं, ताजं नव्हे, वाळलेलं. ते चाँदपाशानं पाहिलं, आणि मी पाहिलं हेही पाहिलं.  जीपपर्यंत पेट्या पोचवून, तो सलाम न करता निघून गेला.

सांगायचं तर कुणाला तरी होतंच. मी उंबरकर सरांना सांगितलं.

केबिनमध्ये त्यांनी बराच वेळ ती तीन टोकं न्याहाळली. महिनाभरात त्यांचे गाल आत गेले होते. कुणी मुलाखतीला बोलावत नव्हतं. मग त्यांचा चेहरा हळूहळू भरून आला.

"म्हणजे मी बरोबर होतो."

"नाही, सर. तुमची थरथर मोटारींचीच होती. हे वेगळं आहे. हे तिच्याखाली होतं."

"वेगळं आहे ते तुला ठाऊक, मला ठाऊक. बाहेर कोण विचारतंय?" त्यांनी पेन काढलं. "शीर्षक काय देशील? 'पंपांच्या गोंगाटातून सूक्ष्म भूकंप वेगळे काढणे', असं काहीतरी. तारखेचं आपण काढून टाकू. फीडर वीस मिनिटं बंद ठेवला तो आपला नियोजित प्रयोग. छान आहे ना? साधा, स्वस्त, आपल्याकडच्या परिस्थितीला धरून."

मी लॅपटॉप मिटायला लागले.

"पहिलं नाव तुझं घालतो," सर म्हणाले. "तुझा प्रबंध सहा महिन्यांत उभा राहील. बघ विचार करून."

विचार करायला मी खिडकीपाशीसुद्धा गेले नाही. निबंध तीन आठवड्यांत लिहिला. चांगला लिहिला. गोंगाट आधी मोजायचा, त्याचा साचा बनवायचा, नोंदीतून वजा करायचा, उरलेल्यातून तीनही ठिकाणी जुळणारे आकार शोधायचे, ही पद्धत माझीच होती आणि ती खरोखर चालत होती. मोटारी चालू असतानाच्या नोंदीतूनही मी शेकडो टोकं वर काढली. आज मी ज्या खुर्चीवर बसते ती त्या निबंधानं दिलेली आहे. त्यात गयाबाई एका ओळीत आहे : 'या भूकंपात एक जीवितहानी झाली.'

पाठवायच्या आदल्या दिवशी सर अर्ज भरत होते. नियतकालिकाला प्रत्येक जागेच्या मालकाची लेखी संमती हवी होती, निबंध वाचून दाखवल्याच्या सहीसकट. सर अडले. चष्मा काढून म्हणाले, "हे एक लचांड आहे. त्या शिंगड्याकडे जावं लागणार. त्याला सगळं समजावून सांगावं लागणार. वीस मिनिटांचं, तीन टोकांचं..."

"कशाला जायचं, सर?" मी म्हणाले. "त्याला कुठे वाचता येतं? सेन्सर पुरताना एका कोऱ्या अर्जावर अंगठा घेतलेला आहे आपण. तोच लावून टाका."

सरांनी मान वर केली. चष्मा घातला. पाच वर्षांत पहिल्यांदाच ते माझ्याकडे बरोबरीच्या माणसाकडे बघावं तसे बघत होते. मग त्यांनी समोरची खुर्ची पायानं माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "बस."

मी बसले.